डावं पायडल

३ मार्च

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून हिने सुचवलं की लिहून कळवा. कागदाला आवाज चढवता येत नाही म्हणे.

तर, बाबांच्या घराचं एकदाचं मार्गी लागलं. दातांचे डॉक्टर घेताहेत. खाली दवाखाना, वर राहणार. कागदांवर तुझी सही आधीच झाली आहे, त्यामुळे तुला काही त्रास नाही. महिनाअखेर किल्ली द्यायची. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आई माझ्याकडे, तू तिकडे दूर. कुलूप लावलेल्या घरात शेवटी वाळवीच राहायला येते.

गेले तीन रविवार आम्ही दोघं घर उपसत होतो. काय काय निघालं म्हणून सांगू! आईच्या एकोणीस रिकाम्या बरण्या, एकीलाही झाकण नाही. बाबांनी जपून ठेवलेले तारेचे तुकडे, बोटाएवढेसुद्धा जुडी बांधून. तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं निघाली, ती बाजूला काढली आहेत. बाकी कामाचं काही नाही. पुस्तकं वाचनालयाला दिली, कपाट शेजाऱ्यांनी नेलं, आणि मागच्या शेडमधले पत्रे, गंजकी बादली, बाबांची ती मोडकी सायकल, सगळं भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकलं. एका फेरीत शेड मोकळी.

सायकल गेली हे बरंच झालं. तुलाही ती डोळ्यांसमोर नको असणार. आईला तर नकोच होती.

आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण तिच्याबद्दल बोललेलं मात्र नेमकं ऐकू येतं.

तुझा,
छोट्या


६ मार्च

छोट्या,

'ती मोडकी सायकल.' गंजक्या बादलीच्या शेजारी बसवून, एका ओळीत, तू बाबांची सायकल मोडीत घातलीस. आणि वर मला सांगतोस, बरंच झालं? माझ्या डोळ्यांसमोर काय नको ते ठरवणारा तू कोण?

आजोबांनी ती एका निवृत्त होणाऱ्या साहेबाकडून घेतली तेव्हाच जुनी होती. हँडलखालच्या पितळी पट्टीवरचं कंपनीचं नाव आजोबांच्याच हाताने घासून गेलं. तारांच्या जागी सळयांचे ब्रेक, चेनला चारी बाजूंनी बंद कव्हर, आणि मधल्या दांडीवर बाबांनी स्वतः डाग देऊन बसवलेले दोन आकडे, तारेचं भेंडोळं अडकवायला. बावीस वर्षं बाबा त्या सायकलीवरून तारखात्याच्या खांबांमागे फिरले. अशी सायकल आता शोधून सापडत नाही. तू ती वजनावर विकलीस.

ती मोडकी का होती हे मला तू सांगायला नको. मी सोळा वर्षांची होते. टेक्निकल शाळेच्या अर्जाची शेवटची तारीख, म्हणून बाबांना न विचारता काढली, वळणावर पडले, डावं पायडल वाकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चढावर बाबांचं तेच पायडल निखळलं आणि ते गुडघ्यावर फरशीच्या कडेवर आपटले. पुन्हा खांबावर चढले नाहीत. गोदामाच्या खिडकीमागे बसून दुसऱ्यांच्या हातात पकडी देत राहिले, निवृत्त होईपर्यंत. बेचाळीस वर्षं रोज सकाळी माझ्या आधी हे उठतं.

म्हणूनच ती मला हवी होती. दुरुस्त करायला. मी टेक्निकल शाळेत मुलांना लेथवर शिकवते, छोट्या, ते काम माझ्या हातचं होतं. बाबा असताना मागायची छाती झाली नाही. ते गेल्यावर आईकडे मागितली, तर म्हणाली, "पाय घेतलास, आता सायकलही हवी?" तू तिथेच होतास. खिडकीबाहेर बघत होतास.

भंगारवाल्याचा पत्ता कळव. लगेच.

ताई


९ मार्च

ताई,

उशीर झाला. मी काल मुद्दाम जाऊन विचारून आलो. आपला सगळा माल भट्टीला गेलासुद्धा. तेव्हा उगाच धावत येऊ नकोस, आणि इथे येऊन आईसमोर तमाशा तर मुळीच करू नकोस.

आणि आता विषय काढलाच आहेस तर ऐक. तीन वर्षांत तू किती वेळा आलीस? दोनदा. दोन दोन दिवस. पाहुणीसारखी बॅग दारातच ठेवून. आईच्या गोळ्या कोण देतं, तिचा चष्मा दिवसातून चार वेळा कोण शोधतं, आंघोळ करताना दाराबाहेर कोण उभं राहतं? ही. माझी बायको. तेव्हा तुला घर आठवत नाही, आणि लोखंडाच्या दोन चाकांसाठी एवढा उमाळा येतो. मलाही राग येतो, ताई. मी फक्त लिहीत नाही.

प्रगतिपुस्तकं पार्सलने पाठवतो.

छोट्या


१६ मार्च

चिरंजीव,

भट्टीला गेलेली सायकल माझ्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून उभी आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारच्या बसने निघाले. तुझ्या शहरात भंगारवाले चार. पहिल्याने हाकललं, दुसऱ्याच्या अंगणात कुत्रं मोकळं होतं, तिसऱ्याकडे मी वजनकाट्याजवळ पोहोचले आणि ढिगात, एका उलट्या पडलेल्या फ्रिजच्या खालून, मला ते दोन आकडे दिसले. सायकल दिसायच्या आधी आकडे दिसले. मी तशीच ढिगावर चढले. साडी पत्र्यात अडकून फाटली, ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

भंगारवाला भला माणूस आहे, पण त्याची एक अट ऐक. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "बाई, हा ढीग काट्यावरून गेलाय. भट्टीवाल्याला वजन कळवलं मी. आता खिळा कमी पडला तरी तो माझ्या नावाने बोंब मारतो. पैसे नकोत मला. जेवढं लोखंड नेणार तेवढं आणून टाका, आणि खुशाल घेऊन जा."

परक्या गावात मी बावीस किलो लोखंड आणणार कुठून? माझ्या पिशवीत एक छत्री आणि नखं कापायचं यंत्र होतं. अर्धा तास मी त्याच्या अंगणात उभी राहून नुसती धुसफुसत होते. मग आठवलं. लहानपणी आपण बिजागरीतून वर उचलून बाबांचं फाटक काढायचो आणि त्याला लोंबकळून मार खायचो. ते अजून तसंच निघतं. भाड्याची हातगाडी केली, हातगाडीवाला म्हणाला, "बाई, हे घर तुमचंच ना?" मी म्हटलं, "सोळा वर्षं तरी होतं." फाटक भरलं वीस किलो. उरलेले दोन मागच्या दाराला बाहेरून लावलेल्या लोखंडी अडसराने पुरे केले. काटा बरोबर बसला तेव्हा भंगारवाल्याने टाळी दिली.

सायकल बसच्या टपावर चढली. तिच्याखाली मी तुझ्या घराजवळून गेले, वर आले नाही. गच्चीवर आईची शाल वाळत होती.

आता मुद्द्याचं. खोटं का बोललास, हे मी विचारणार नाही, ती तुझी जुनी सवय आहे. पण त्या माणसाने आणखी एक सांगितलं. म्हणाला, "तुमचे भाऊ म्हणाले, बाकीचा माल कधीही न्या, पण ही आधी कापा. माझ्यासमोर कापा. अर्धा तास थांबले. नेमकं माझं गॅसचं सिलिंडर संपलेलं. दुसऱ्या दिवशी परत आले बघायला, कापली का म्हणून."

पत्र्यांची घाई नव्हती, बादलीची नव्हती. सायकलच आधी कापायची होती, तीही तुझ्यासमोर. का रे?

ताई


२१ मार्च

ताई,

फाटक!

काल डॉक्टर बायकोला घेऊन घर दाखवायला आले. फाटकाच्या जागी दोन बिजागऱ्या आणि अंगणात गल्लीतली तीन कुत्री झोपलेली. मागचं दार वाऱ्याने उघडंझाक करतंय. मला म्हणाले, "आपल्या बोलण्यात फाटक होतं असं मला वाटतं." मी काय सांगू त्यांना? माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या बहिणीने हातगाडीवर घालून पळवलं? मी म्हटलं, रंगाला दिलंय. आता नवीन करून घेतोय आणि वर त्याला जुना दिसेल असा रंग शोधतोय. तुला लाज कशी वाटत नाही?

सायकल आधी कापा म्हटलं, कारण आई त्या शेडकडे बघून रडायची. उद्या कुणी ती रंगवून रस्त्याने मिरवत नेली असती आणि आईला दिसली असती तर? तेवढंच. यात शोधण्यासारखं काही नाही. तू मात्र पोलिसासारखी लोकांना विचारत फिरलीस.

आणि तुला एवढं खरं हवं असेल तर हे घे. बाबांचा पाय तुझ्यामुळे गेला. आई बोलली की तुला लागतं, पण खोटं तर बोलत नाही ना ती? मी एका शब्दाने तुला कधी बोललो नाही, हे माझे उपकार समज.

छोट्या


५ एप्रिल

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

सायकल सुट्टीच्या दिवशी उघडली. शाळेच्या वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं, ते बरं झालं.

ती मोडकी नाही. ऐकतोयस? ती मोडकी नव्हतीच. चेनच्या कव्हरात तेल होतं, घट्ट झालेलं, पण तेल. चाकांचे छर्रे ग्रीसमध्ये बुडालेले. ब्रेकच्या सळया सरळ. हवा भरली आणि चाक हाताने फिरवलं, तर ते किती वेळ फिरत राहिलं ते मी मोजलंच नाही, नुसती बघत बसले. बाबांनी ती दुरुस्त करून, तेलपाणी करून, कुलपात ठेवली होती. आणि आपल्या सगळ्यांना सांगत राहिले की ती गेली.

मग डावी बाजू बघितली. ज्या दांड्याला पायडल बसतं, त्याचं भोक एकदा फाटलेलं आहे. बाबांनी ते मोठं करून आत लोखंडी नळीचं बुश ठोकलंय आणि त्यात नवे आटे पाडलेत. बुश फिरू नये म्हणून कडेला एक बारीक खिळा मारून कानशीने असा सपाट केलाय की नखाला लागत नाही. असा खिळा मी दुसऱ्या कुणाच्या कामात पाहिलेला नाही. त्यात बसवलंय ते माझ्या हातून वाकलेलं मूळ पायडल, ठोकून सरळ केलेलं.

आणि सीटमागच्या चामडी पिशवीत, फडक्यात गुंडाळलेलं, आणखी एक पायडल. आटे चेचलेले. टोकावर उजव्याची खूण ठोकलेली.

तुला माहीत आहे, तरी लिहिते. उजव्या पायडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. उजवं पायडल डावीकडे बसत नाही. पण कुणी पान्ह्याला पाइप लावून जोर केला, तर ते दोन-तीन आटे फाडत आत शिरतं, आणि बसल्यासारखं दिसतं. पहिल्या चढावर माणूस उभा राहिला की उपटून येतं. मी पाडली तेव्हा पायडल वाकलं होतं. वाकलेलं पायडल मोडेल, पण आट्यांसकट उपटून येणार नाही. हे मी दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून शिकवते. बेचाळीस वर्षांत हे स्वतःला लावून पाहिलं नाही, कारण ती सायकल मला पुन्हा कुणी दाखवलीच नाही.

आपल्या घरात पान्हा हातात धरणारे तीन. बाबांनी असला गाढवपणा झोपेतही केला नसता. मी पान्ह्याला हात लावला नव्हता. राहिलं कोण?

मी पडले त्या संध्याकाळी जेवताना तुझे हात काळे होते. आईने दोनदा धुवायला पाठवलं. तू म्हणालास, शाई सांडली.

माझ्यावर उपकार केलेस ना? त्या उपकारांखाली मी सोळाव्या वर्षापासून वाकून चालते आहे. घरी आले की दारात बॅग ठेवते, ती का ठेवते ते कळलं आता? आत नेण्याइतका हक्क वाटत नाही म्हणून. आणि तू, मागच्या पंधरा दिवसांत, हे सगळं माहीत असताना, लिहितोस: बाबांचा पाय तुझ्यामुळे गेला. तुला लिहवलं तरी कसं रे?

आणि बाबांना माहीत होतं. त्यांनी हे बुश स्वतःच्या हाताने बसवलं आणि मला शब्दाने सांगितलं नाही. त्यांच्यावर ओरडायलाही मला आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुझ्यावर दुप्पट ओरडते आहे.

आईला सांग. पूर्ण सांग.

ताई


२ मे

ताई,

हे पत्र पाच वेळा फाडलं. पुन्हा फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

हो. मीच.

तू जिन्याखाली बसून रडत होतीस. कोपर सोललेलं. बाबा ओरडतील म्हणून नाही, आता टेक्निकल शाळेत पाठवणार नाहीत म्हणून. मी अकरा वर्षांचा होतो. बाबांच्या डब्यात एक सुटं पायडल होतं, छान चमकत होतं. मला वाटलं, वाकलेलं काढून हे लावलं की कुणाला कळणार नाही, तू सुटशील. डावं-उजवं वेगळं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जात नव्हतं, म्हणून पाइप लावला. करकर आवाज आला. मला वाटलं, घट्ट बसतंय.

दवाखान्यात मी सांगणार होतो, खरंच. पण तू सगळ्यांच्या आधी बोललीस. "मी काल पाडली होती." केवढ्याने ओरडलीस, आठवतं? सगळे तुझ्याकडे वळले आणि मग माझ्याकडे कुणी बघेचना. तेव्हा मला तुझा राग आला होता, ताई. एवढी घाई कशाला केलीस बोलायची? आणि मग एक दिवस गेला, एक महिना गेला, तू शिकायला गेलीस, आणि ते तसंच राहिलं.

दोन वर्षांनी बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. काठी भिंतीला टेकवली, ते सरळ केलेलं पायडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बसव." मी नेहमीसारखं फिरवायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि उलट्या बाजूला वळवलं. पायडल लोण्यासारखं आत गेलं. म्हणाले, "आता तुला येतं." एवढंच. शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. पुढे कधी त्याचा उच्चार नाही.

शेवटच्या आजारपणात मी विचारलं, ताईला सांगू का? तर म्हणाले, "ती लांब आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला झेपतंय. तुला इथं आईबरोबर राहायचंय."

मी ते ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. ती पिशवीतली वस्तू मला माहीत नव्हती, पण सायकल तुझ्या हातात पडली की तू पाच मिनिटांत ओळखशील हे माहीत होतं. म्हणून कापायला सांगितली.

आईला नाही सांगू शकत. तिचं वय ब्याऐंशी. जेवायला ती माझ्यासमोर बसते, रोज. तू माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण हे मागू नकोस.

छोट्या


५ मे

मला झेपतंय.

म्हणजे मी लांब होते, म्हणून तुमचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं तुम्ही दोघांनी. पोस्टातून पार्सल टाकावं तसं. बाबांनी तुझं मनगट धरून तुला शिकवलं, माझं मनगट धरायला कुणी आलं नाही. मी आपली बसमधून रडत परत जात राहिले आणि घरात बाप-लेक मूग गिळून बसले. तू अकरा वर्षांचा होतास हे मी तुला माफ करते. तेवढंच. बारा वर्षांचा झालास, वीसचा झालास, पन्नाशीचा झालास, त्यातलं एकही वर्ष माफ नाही.

आईचं वय ब्याऐंशी आहे, म्हणूनच सांगायचं. आणखी कधी सांगणार?

ती तुझ्यासमोर जेवायला बसते म्हणतोस. माझ्यासमोर ती बेचाळीस वर्षं नीट बसलेली नाही. सांगून झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस. फोनही करू नकोस.


११ जून

ताई,

सांगितलं.

महिनाभर रोज ठरवत होतो. उद्या, उद्या. काल सकाळी आई खिडकीत बसून माझ्या शर्टाची बटणं लावत होती. सहा वर्षांत मी तिला कधी सांगितलं नाही, तरी तीच लावते, माझी बटणं तुटलेली तिला आधी दिसतात. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्यांनीही ऐकलं असणार. एक वाक्य तर तिने दोनदा म्हणायला लावलं: "पायडल मी लावलं होतं."

तिने सुई शर्टात नीट खोचून ठेवली. मग मला कानफटात मारली. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला, सुनेसमोर. एवढा जोर तिच्यात कुठून आला कोण जाणे. म्हणाली, "ही तेव्हाच बसायला हवी होती." आणि दुसरी मारली. "ही पोरीची."

दुपारी स्टुलावर चढून, ही नको नको म्हणत असताना, बाबांचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात कपड्यांखाली घातला. म्हणाली, "ह्यांच्याशी मी नंतर बोलते."

मग बॅग भरायला घेतली. १५ तारखेला सकाळच्या बसने ती तुझ्याकडे निघते आहे. एकटी. मी सोडायला येतो म्हटलं, तर तू माझ्या बसमध्ये चढलास तर मी उतरेन म्हणाली. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, हिने गोळ्यांची चिठ्ठी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे. दुपारी चारपर्यंत पोहोचेल. स्टँडवर वेळेवर जा, तिला पायरी दिसत नाही.

तुला हवं होतं ते झालं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत. घर रिकामं होणार आणि गाल अजून दुखतो.

तुझा (आता हे लिहू का?)
छोट्या


२० जून

छोट्या,

आई पोहोचली. बसमधून उतरताना तिने माझा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. बॅग मी दारात ठेवली, तर ओरडली, "आत घे की, रस्त्यावर काय ठेवतेस?"

गळ्यात पडून रडलो वगैरे समजू नकोस. पहिले दोन दिवस आम्ही नुसत्या भांडलो. तिला माफी मागता येत नाही, कधीच येत नव्हती. मी म्हटलं, तू एकदा तरी मला विचारायचं होतंस. ती म्हणाली, तू एकदा तरी उलट बोलायचं होतंस. मी म्हटलं, सोळा वर्षांची पोर उलट काय बोलणार, तिला स्वतःलाच खरं वाटत होतं. त्यावर ती माझ्या हाताला तेल चोळत बसली. लेथने माझी बोटं खडबडीत झाली आहेत, म्हणाली, "बापासारखीच." एवढ्यावर मला फार रडू आलं. तेही रागानेच.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये नेली. सायकलसमोर स्टूल टाकून बसली, पितळी पट्टी पदराने पुसली. म्हणाली, "चालवून दाखव." शाळेच्या मैदानात मी तीन फेऱ्या मारल्या. बाबांचे आकडे खडखड वाजत होते. आई कडेला काठी उगारून ओरडत होती, "हळू! अगं हळू, पडशील!" छोट्या, बेचाळीस वर्षांत मी पडेन याची काळजी तिला पहिल्यांदा वाटली.

ती सध्या इथेच राहते म्हणते. तिच्या गोळ्या मी देते. चष्मा चार वेळा नाही, सहा वेळा हरवतो. तुझ्या बायकोला सांग, मी तिला जे म्हटलं नाही ते म्हणायला हवं होतं. तिला मी वेगळं पत्र लिहीन. प्रगतिपुस्तकं अजून आली नाहीत.

बाबांवरचा माझा राग गेलेला नाही, आणि तुझ्यावरचाही नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. आई तुझा शर्ट बरोबर घेऊन आली आहे. सुई तशीच खोचलेली होती. काल तिने शेवटचं बटण लावलं.

येत्या रविवारी ये. सायकलचं डावं पायडल मी काढून ठेवलंय. बाबांनी तुला शेडमध्ये, दार लावून शिकवलं. आता माझ्या वर्कशॉपमध्ये, दार उघडं ठेवून, आईच्या आणि माझ्या समोर बसवायचं. पान्हा मी देईन. तुझ्या मनगटाला कुणी हात लावणार नाही.

ताई